पाणी प्यावे, पण जावे कुठे?

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाचा लहानसा अंक येत असेल. सोळा किंवा चोवीस पाने, मुखपृष्ठावर सहलीचे सामुदायिक छायाचित्र, आत अध्यक्षांचे मनोगत, दोन-तीन कविता, वाढदिवसांची यादी आणि शेवटच्या पानावर श्रद्धांजली. असा अंक घरात आला की तो कोण, कसा आणि कुठून वाचायला सुरुवात करतो, हे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? मी पाहिले नव्हते. अशाच एका त्रैमासिकाच्या आठ अंकांत आरोग्याचे पान लिहूनही पाहिले नव्हते, आणि त्याची किंमत माझ्या एका वृद्ध रुग्णाला मोजावी लागली.

मी नांदेडचा डॉक्टर. जन्म आणि शाळा लातूरची. एम.बी.बी.एस. झाल्यावर पुढे शिकणे घरच्या परिस्थितीमुळे जमले नाही, म्हणून दवाखाना उघडला आणि तोच चालवत आलो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत. त्यांतल्या काही उत्साही मंडळींनी लातूरच्या सोयऱ्याधायऱ्यांना बरोबर घेऊन एक फिरता गट केला आहे. वर्षातून तीन-चार वेळा भाड्याची बस करायची आणि निघायचे: कधी माहूर, कधी औंढा नागनाथ, कधी तुळजापूर, कधी खरोशाची लेणी, कधी उदगीरचा किंवा कंधारचा किल्ला. नांदेडची मंडळी पहाटे निघतात आणि लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला बाकीच्यांना घेतात. या गटाचे ते त्रैमासिक. संपादक निवृत्त पोस्टमास्तर आहेत. अंक वेळेवर पोहोचलाच पाहिजे, या बाबतीत त्यांचा कटाक्ष अजून नोकरीतल्यासारखाच आहे.

माझा एक लातूरचा वर्गमित्र इंग्लंडमध्ये स्थायिक झाला आहे. निवृत्तीनंतर त्याने कॅराव्हॅन घेतली, म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचे चाकांवरचे घर. तिकडे अशा हौशी लोकांचा क्लब १९०७ सालापासून आहे आणि त्याचे स्वतःचे मासिकही आहे. विशेष म्हणजे केवळ हौसेखातर असे घर बांधून घेऊन रस्त्याला लागणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक आमच्याच पेशातला होता. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातले डॉक्टर. त्यांनी १८८५ साली ‘वाँडरर’ नावाची गाडी बांधून घेतली, तिला घोडे जुंपले आणि इंग्लंडमधून थेट स्कॉटलंडमधल्या इन्व्हर्नेसपर्यंत मजल मारली. पुढे क्लब स्थापन झाला तेव्हा ते त्याचे उपाध्यक्ष झाले. मराठवाड्याला यात फारसे नवल वाटायला नको. कॅराव्हॅनला आपल्याकडे तांडा हा शब्द पूर्वीपासून आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लमाणांचे तांडे याच मुलखातून जात असत. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला बैलगाडीत चूल, अंथरूण आणि पोरेबाळे घेऊन आलेली कुटुंबे मी लहानपणी पाहिली आहेत. गाडीखाली सावलीला निजलेले आजोबा हे त्या यात्रेचे माझ्या मनातले पहिले चित्र आहे.

मित्राला मी एकदा फोनवर विचारले, “तू ते मासिक कशासाठी वाचतोस?” मला वाटले, तो निसर्गवर्णनाचे काही सांगेल. तो म्हणाला, “जागा सपाट आहे का, पाण्याचा नळ किती लांब आहे आणि संडास स्वच्छ आहे का, एवढे मी आधी पाहतो. बाकीचे रात्री झोप येत नसेल तर.” मी हसलो आणि विसरून गेलो. विसरायला नको होते.

माझ्या आठ लेखांचे विषय तुम्ही न सांगताही ओळखाल: उच्च रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी, निद्रानाश, मोतीबिंदू, विस्मरण, आहार आणि शेवटचा पाण्यावर. उन्हाळा तोंडावर होता. वाढत्या वयात तहानेची जाणीव मंदावते, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे, असे मी त्यात सविस्तर लिहिले होते. लघवीचा रंग गडद झाला तर काय समजावे तेही लिहिले होते. भेटेल तो म्हणे, “छान लिहिता, डॉक्टरसाहेब.” मी सुखावत असे.

मार्चच्या अखेरीस गट तुळजापूरला गेला. परतताना रात्री बस अहमदपूरच्या अलीकडे असताना मला फोन आला. एका निवृत्त गुरुजींच्या पत्नी, वय ७३, शेजारी बसलेल्या नणंदेला आईच्या नावाने हाक मारू लागल्या होत्या. “आपण माहेरी चाललोय ना?” असे पुन्हा पुन्हा विचारत होत्या. मी म्हटले, नांदेडपर्यंत आणू नका. वाटेत पहिला दवाखाना लागेल तिथे उतरवा, रक्तातली साखर आणि रक्तदाब पाहायला सांगा. तिथल्या तरुण डॉक्टरांनी उत्तम सांभाळले. साखर ठीक होती, रक्तदाब खाली आला होता, जीभ कोरडी पडली होती. सलाईन लावले, रात्रभर ठेवून घेतले. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. उतारवयात शरीरातले पाणी कमी होणे किंवा लघवीचा संसर्ग होणे, हे कित्येकदा ताप किंवा जळजळ यांनी कळत नाही. माणूस असंबद्ध बोलू लागतो आणि तेच पहिले लक्षण असते. घरच्यांना वाटते, डोके फिरले किंवा बाहेरची बाधा झाली. काकूंच्या बाबतीत बसमधल्या दोघांना तुळजापूरहून निघताना नेमके हेच वाटले होते. त्यात दोन तास गेले.

तिसऱ्या दिवशी त्या पूर्ण भानावर आल्या. मी घरी भेटायला गेलो. पहाटेच्या अर्ध्या कप चहानंतर त्या दिवशी त्यांनी दिवसभर पाणी घेतले नव्हते. रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी होती, म्हणून तीही घेतली नव्हती. मी जरा रागावूनच म्हटले, “काकू, मी अंकात एवढे लिहिले होते.”

त्या म्हणाल्या, “वाचला की तुमचा लेख. सुनेलाही वाचून दाखवला. पाणी प्या म्हणायलात, खरंय. पण जावं कुठं, डॉक्टरसाहेब? पुरुष कुठंबी उभे राहतात. पन्नास माणसांत बस थांबवा म्हणून बाईमाणसानं किती वेळा म्हणावं?”

गुरुजी खाली पाहत होते. मीही पाहिले. माझ्या लेखात एकही वैद्यकीय चूक नव्हती आणि तो त्यांच्या काहीही उपयोगाचा नव्हता.

त्या आठवड्यात पोस्टमास्तरांकडे गेलो आणि म्हटले, वाचकांना काय हवे ते आपण एकदा विचारू या. ते प्रथम नाखूश होते. “विचारले की लोक मागतात,” असे त्यांचे म्हणणे. शेवटी पुढच्या अंकात एक कोरी चिठ्ठी घातली. वर एवढेच: ‘या अंकात तुम्हाला काय हवे? नाव लिहिण्याची गरज नाही.’ चिठ्ठ्या गोळा करायला नांदेडला त्यांच्या ओसरीवर आणि लातूरला गंजगोलाईतल्या एका सभासदाच्या दुकानात अशा दोन कापडी पिशव्या टांगल्या. महिन्याभरात ६३ चिठ्ठ्या आल्या. त्या वाचायला आम्ही दोघे एका रविवारी बसलो ते दिवेलागणीपर्यंत उठलो नाही.

सगळ्यांत जास्त चिठ्ठ्या अक्षरांविषयी होत्या. अक्षर मोठे करा, कागद चकचकीत नको, दिव्याखाली तो डोळ्यांवर चमकतो. मोतीबिंदूवर दोन पाने लिहिणाऱ्या मला हे सुचले नव्हते, आणि ते दोन पानांचे पांडित्य बारीक टंकात, चकचकीत कागदावर छापले गेले होते! त्याखालोखाल पायऱ्या. देवस्थानाला पायऱ्या किती, मध्ये टेकायला जागा आहे का, कठडा आहे का, डोली मिळते का. धर्मशाळेत तळमजल्यावर खोली आहे का, उंच बैठकीचा संडास आहे का. ‘माझे गुडघे मांडी घालू देत नाहीत, त्यामुळे मी काशीला गेले नाही,’ असे एकीने लिहिले होते. ‘संपादकांच्या मेहुण्यांच्या कविता कमी कराव्यात,’ अशा चार चिठ्ठ्या निघाल्या. पोस्टमास्तरांनी त्या घडी करून शांतपणे खिशात ठेवल्या.

एसटीचा उल्लेख बऱ्याच चिठ्ठ्यांत होता. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील प्रवाशांना एसटी विनामूल्य झाली, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. एका आजोबांनी लिहिले होते, ‘तिकीट नाही तोवर नव्हे, पाय आहेत तोवर फिरायचे आहे. कोणती गाडी कुठून किती वाजता सुटते एवढे छापा, बाकी आम्ही पाहू.’

श्रद्धांजलीच्या पानाविषयी माझे मत वेगळे होते. आरोग्याच्या पानाला लागूनच ते येई आणि मला ते निराशाजनक वाटे. दोनदा ते वगळण्याची सूचनाही मी केली होती. चिठ्ठ्या सांगत होत्या की बहुतेक जण अंक तिथूनच उघडतात. एका चिठ्ठीवर कापऱ्या अक्षरात होते, ‘गेल्यावर छापता, आजारी असताना का छापत नाही? कळले असते तर भेटून आलो असतो.’ पोस्टमास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांचा एक जिवलग मित्र त्याच वर्षी गेला होता आणि ती बातमी त्यांना आपल्याच अंकासाठी आलेल्या मजकुरातून कळली होती. आता घरच्यांची आणि रुग्णाची संमती घेऊन ‘भेटीची वाट पाहत आहेत’ असे सदर आम्ही चालवतो. आजाराचे नाव देत नाही. फक्त नाव, गल्ली आणि भेटीला सोयीची वेळ.

एक चिठ्ठी वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. ‘इन्शुलिन घेणाऱ्या माणसाला प्रवास करता येतो का? फ्रिज नसतो म्हणून मी पाच वर्षे गाव सोडलेले नाही. नातवाच्या मुंजीलाही गेलो नाही.’ अक्षर मी ओळखले. हे गृहस्थ ११ वर्षे माझ्याकडे येतात. दर महिन्याला मी त्यांची साखर विचारतो, पाय तपासतो, डोळ्यांची तपासणी झाली का विचारतो. “तुम्ही कुठे जाता-येता का?” हे एकदाही विचारले नव्हते. आणि उत्तर इतके सोपे होते. न उघडलेले इन्शुलिन फ्रिजमध्ये ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही, गोठले की ते वाया गेले. वापरात असलेली बहुतेक इन्शुलिने सुमारे चार आठवडे साध्या तापमानालाही टिकतात, मात्र ते तापमान २५ ते ३० अंशांच्या वर जाता कामा नये. आपल्या औषधाच्या खोक्यावर नेमके काय लिहिले आहे ते पाहून घ्यावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याची काळजी घ्यावी लागते. मुक्कामी कोऱ्या मातीच्या भांड्यात ओली वाळू घालून त्यात लहान कोरडी वाटी ठेवावी आणि बाटली तिच्यात झाकून ठेवावी. पाणी झिरपून उडत राहते आणि आतला गारवा टिकतो. प्रवासात ते हातातल्या पिशवीत असावे, बसच्या टपावर किंवा डिकीत नव्हे. एवढे सांगायला मला अकरा वर्षे लागली.

आणखी दोन चिठ्ठ्यांविषयी सांगतो. पहिली एका सुनेची. ती सभासद नाही. सासऱ्यांना अंक वाचून दाखवते. ‘बाबांना सहलीला नेणारे कोणी भेटेल का? त्यांना कपडे घालायला आणि गोळ्या द्यायला माणूस लागतो. खर्च आम्ही देऊ. मला चार दिवस झोप हवी आहे.’ मी आजवर काळजीवाहू कुटुंबीयांना रुग्णाची सेवा कशी करावी हेच सांगत आलो. या बाईंना स्वतःसाठी चार दिवस हवे होते आणि तसे उघड म्हणण्याचे धैर्य निनावी चिठ्ठीमुळे आले होते. तुमच्या घरात अशी कुणी सून, मुलगी किंवा पत्नी असेल, तर ती मागण्याची वाट पाहू नका. आमच्या गटात आता दोन निवृत्त परिचारिका आलटून पालटून बरोबर येतात आणि अशा एका-दोघांची जबाबदारी घेतात. त्या आजोबांना घेऊन बस माहूरला गेली. गडावर ते चढले नाहीत. खाली सावलीत बसून पान खात राहिले आणि परत आल्यावर आठवडाभर रेणुकामातेचे दर्शन घेतल्याचे सांगत राहिले. सून किती झोपली ते मी विचारले नाही.

दुसरी चिठ्ठी मी शेवटी सांगेन.

आरोग्याचे पान आता पुढच्या सहलीच्या वाटेवर बेतलेले असते. गटातल्या दोन स्त्रिया आधी मोटारीने वाट पाहून येतात. कोणत्या ठिकाणी स्वच्छतागृह आहे, आतून कडी लागते का, पाणी येते का, पायरी आहे का, हे त्या वहीत टिपतात आणि तेच आम्ही छापतो. बस दर दोन तासांनी ठरलेल्या ठिकाणी थांबते. कुणी हात वर करायचा नाही, कुणी विचारायचे नाही. थांबायचे म्हणजे थांबायचे. खाली उतरून चार पावले चालल्याने पायांतला रक्तप्रवाहही सुधारतो, हा वरचा लाभ. उठताना मात्र आधी क्षणभर बसच्या कडेला पाय सोडून बसावे, मग उभे राहावे; एकदम उठल्याने रक्तदाब उतरून तोल जातो.

लघवी वाढवणारी गोळी सहलीच्या दिवशी मनाने सोडू नका. निघण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा तिची वेळ बदलता येते. हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर पाणी किती प्यावे हेही त्याच भेटीत विचारून घ्या, कारण प्रत्येकाला भरपूर पाणी हा सल्ला लागू पडत नाही. जुलाब झाले आणि जलसंजीवनीची पुडी हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या लहान चमच्याने मोजून. मीठ अंदाजाने टाकू नये.

देवदर्शनाच्या सहलीत मला सर्वांत जास्त धास्ती असते ती वेगळ्याच गोष्टीची. मधुमेहाची गोळी पहाटे घेतलेली असते आणि दर्शनाआधी काही खायचे नाही असा नेम असतो. रांग लांबते. अकरा वाजता हातपाय थरथरतात, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. अशा वेळी साखर ७० च्या खाली गेलेली असू शकते. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून तात्काळ द्यावे, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, तरीही कमी असेल तर पुन्हा द्यावे आणि मग काही खायला द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून गोळीची वेळ ठरवा. माझ्या आईचाही असाच नेम होता. ती म्हणे, देवाला भूक कळते, डॉक्टरला कळत नाही. तिच्याशी मी वाद जिंकलो नाही, पण तिच्या पदराला साखरेची पुडी बांधून दिली होती आणि ती तिने वापरलीही.

प्रत्येकाच्या खिशात एक कार्ड असते: नाव, आजार, चालू औषधे, कशाची ॲलर्जी, घरच्या दोघांचे फोन. तुळजापूरच्या त्या रात्री काकूंच्या पर्समध्ये असे कार्ड असते तर तिथल्या डॉक्टरांना गोळीचे नाव शोधत बसावे लागले नसते. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा मदतीचा क्रमांकही त्यावर छापला आहे.

अक्षर मोठे झाल्याने पाने अपुरी पडली आणि कवितांची संख्या तीनवरून एकावर आली. संपादकांचे मेहुणे माझ्याशी बोलत नाहीत. रक्तदाब तपासायला मात्र येतात. काकू दिवाळीनंतर पुन्हा सहलीला गेल्या. इन्शुलिनवाले गृहस्थ मातीचे भांडे मांडीवर घेऊन उदगीरला जाऊन आले. किल्ला काही त्यांना विशेष वाटला नाही म्हणे.

आता ती राहिलेली चिठ्ठी. ‘माझ्या पत्नीला विस्मरणाचा आजार आहे. ती मोठ्याने बोलते, परक्यांचा हात धरते, जेवताना सांडते. तिला फिरायला फार आवडत असे. लोक वळून पाहणार नाहीत असे एखादे ठिकाण तुमच्या अंकात छापाल का?’ आम्ही त्यांना शोधून काढले नाही. चिठ्ठी निनावी होती आणि ती तशीच राहावी असे दोघांनाही वाटले. गटात याविषयी दोनदा चर्चा झाली. कुणी म्हणाले नदीचा घाट, पण तिथे पाण्याची भीती. कुणी म्हणाले एखाद्याचे शेत, आणि एका सभासदाने लोह्याजवळचे आपले आमराईचे शेत देऊ केले आहे. तिथे विहिरीला कठडा बांधायचे काम चालू आहे. नांदेड-लातूरच्या परिसरात असे आणखी एखादे ठिकाण तुम्हाला ठाऊक असेल तर या पाक्षिकाच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. ठिकाण सपाट असावे, सावली असावी आणि स्वच्छतागृहाला आतून कडी असावी.